बुधवारचा मुहूर्त

एप्रिल संपता संपता बायोकंडक्टरची नवी आवृत्ती येणार, हे त्या गोटात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. २०२१ साली मात्र एप्रिल सरला, मे अर्धा झाला, तरी ३.१३ बाहेर पडली नव्हती. काम रखडलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. ज्या ‘आर’ भाषेवर हा सगळा डोलारा उभा आहे, तिचीच नवी आवृत्ती त्या वर्षी उशिरा येणार होती. १८ मेला ‘आर’ ४.१.० आली आणि दोनच दिवसांनी, २० मेला, बायोकंडक्टर ३.१३. लग्न आपल्या घरचं, पण मुहूर्त काढणार दुसराच, असा हा मामला.

बायोकंडक्टर म्हणजे जनुकीय माहितीच्या विश्लेषणासाठी लिहिलेल्या मुक्त पॅकेजेसचा मोठा संच. २००१ मध्ये बॉस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेत रॉबर्ट जंटलमन यांनी त्याची सुरुवात केली. मे २००२ मधल्या पहिल्या आवृत्तीत जेमतेम १५ पॅकेजं होती. आज त्यांची संख्या २३०० च्या आसपास आहे. त्यांतली ‘लिमा’ आणि ‘एज-आर’ मेलबर्नच्या एका प्रयोगशाळेतून आलेली, ‘डीईसेक-टू’चं मूळ जर्मनीतल्या हायडेलबर्गचं. बाकीची जगभर विखुरलेली. या पॅकेजांची देखभाल करणारे, म्हणजे मेंटेनर, बहुतेक आपलं संशोधन, शिकवणं सांभाळून हे काम करतात. त्यांना दटावणारा साहेब कुणी नाही. दटावते ती फक्त तारीख.

ती तारीख हलते ‘आर’च्या तालावर. गंमत म्हणजे ‘आर’ भाषेचे जनक दोघे, रॉस इहाका आणि हेच रॉबर्ट जंटलमन. पण भाषेचा कारभार आता ‘आर कोअर’ या गटाकडे आहे, आणि नव्या आवृत्तीची घोषणा वर्षानुवर्षं कोपनहेगनचे पीटर डालगार्ड करत आले आहेत. प्रत्येक आवृत्तीला चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ चित्रमालिकेतून उचललेलं टोपणनाव मिळतं. ४.०.० ला ‘आर्बर डे’, ४.१.० ला ‘कॅम्प पाँटानेझन’. पहिली १.०.० तर आली २९ फेब्रुवारी २००० या दिवशी. शंभराने भाग जाणारं वर्ष एरवी लीप नसतं, पण चारशेनेही भाग जात असेल तर असतं. संगणकांची परीक्षा पाहणारा असा तो दिवस.

‘आर’ची मोठी आवृत्ती वर्षातून एकदा, बहुधा एप्रिलमध्ये येते. बायोकंडक्टरच्या मात्र दोन येतात, एक वसंतात आणि एक ऑक्टोबरच्या सुमारास. वसंतातली नव्या ‘आर’वर बसते, ऑक्टोबरची त्याच ‘आर’वर. त्यामुळे ऑक्टोबरची तारीख ठरवताना मंडळी जरा मोकळी असतात. एप्रिलचं तसं नाही. ऑक्टोबर ते एप्रिल हे सहा महिने पॅकेजं तपासली जातात ती अजून पूर्ण न झालेल्या, रोज बदलणाऱ्या ‘आर’वर. आज चाललेला कोड उद्या पडू शकतो, आणि त्यात मेंटेनरने एक ओळही बदललेली नसते.

याचा पुरता प्रत्यय २०२० मध्ये आला. ‘आर’ ४.०.० मध्ये दोन जुन्या सवयी मोडल्या. तक्ता वाचताना अक्षरी मजकूर आपोआप ‘फॅक्टर’ होत असे, ते बंद झालं. आणि मॅट्रिक्सला ‘तुझा वर्ग कोणता’ असं विचारलं की पूर्वी एक उत्तर यायचं, आता दोन येऊ लागली, ‘मॅट्रिक्स’ आणि ‘अ‍ॅरे’. एकच उत्तर येणार हे गृहीत धरून लिहिलेल्या अटी पॅकेजापॅकेजांत दडलेल्या होत्या. जग टाळेबंदीत होतं, मेंटेनर घरात बसून त्या अटी शोधत होते. तरी तारीख चुकली नाही. २४ एप्रिलला ‘आर’ ४.०.० आणि २८ एप्रिलला बायोकंडक्टर ३.११.

शेवटच्या आठवड्यांचं वेळापत्रक उलटं मोजत लावलेलं असतं. आधी नवी पॅकेजं घेणं बंद. मग चालू आवृत्ती गोठवायची. मग सगळी पॅकेजं त्रुटीविना तपासणीतून पार पडली पाहिजेत, असा एक शुक्रवार. या काळात सगळ्यांचे डोळे तपासणीच्या निकालपत्रावर, म्हणजे बिल्ड रिपोर्टवर. तपासणारी यंत्रं लिनक्स, विंडोज आणि मॅकची. त्यांतल्या लिनक्स-विंडोजवाल्यांची आजवरची नावं माल्बेक, नेब्बिओलो, टोके, पालोमिनो अशी, म्हणजे द्राक्षांच्या आणि वाइनच्या यादीतून घेतलेली. पॅकेजच्या नावापुढे प्रत्येक यंत्राचा निकाल, हिरवं ‘ओके’ किंवा लाल ‘एरर’. कधी वेळेत न आटोपल्यामुळे ‘टाइमआउट’. सगळीकडे हिरवं आणि फक्त विंडोजवर लाल, हे मेंटेनरचं खास दुखणं, कारण त्याच्याकडे विंडोजचं यंत्रच नसतं. दुरुस्ती पाठवली तरी ती रिपोर्टमध्ये उमटायला २४ ते ४८ तास लागतात. म्हणजे शेवटच्या आठवड्यात हाती मोजकेच प्रयत्न.

मग येतो मंगळवार. सगळ्यांनी हात थांबवायचे, कोडची नवी शाखा, म्हणजे ब्रांच, काढली जाते. त्याच वेळी हजारो पॅकेजांचे आकडे एका दमात बदलतात. मधला आकडा सम असेल तर पॅकेज लोकांसाठी, विषम असेल तर विकासासाठी. १.२५ वर असलेलं पॅकेज लोकांसाठी १.२६.० होतं आणि विकासासाठी १.२७.०. नवखं पॅकेज ०.९९ वर ताटकळत असतं, त्याला थेट १.०.० मिळतो. दुसऱ्या दिवशी घोषणा. २०२२ ते २०२४ या तीन वर्षांतल्या सहाही आवृत्त्या बुधवारीच आल्या. त्यांतली ३.१९ आली १ मे २०२४ ला, म्हणजे महाराष्ट्रात सुट्टीच्या दिवशी.

या तारखेचा धाक नुसत्या कोडला नाही, जनुकांच्या नावांनाही असतो. कोणतं जनुक कोणत्या नावाने ओळखायचं ही माहिती दर आवृत्तीसाठी ताजी करून गोठवली जाते. मधल्या काळात नावं बदलत राहतात. एक्सेल ‘सेप्ट-१’ला १ सप्टेंबर आणि ‘मार्च-१’ला १ मार्च समजून बसतं, म्हणून मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये त्यांना ‘सेप्टिन-१’ आणि ‘मार्चएफ-१’ करून टाकलं. साहजिकच एकाच नमुन्यावर, एकाच कोडने, दोन आवृत्त्यांत काढलेल्या जनुकांच्या याद्या जुळतीलच असं नाही. म्हणून शोधनिबंधात बायोकंडक्टरची आवृत्ती लिहिलीच पाहिजे.

आणि ज्याचं काम मंगळवारपर्यंत झालं नाही त्याचं काय? त्याच्यासाठी कुणी थांबत नाही. अर्धवट राहिलेली सोय पुढच्या खेपेला. महिनोन्‌महिने लाल राहिलेलं, मेंटेनरही उत्तर देत नसलेलं पॅकेज एका आवृत्तीत ‘लवकरच बंद’ अशी पाटी मिळवतं आणि पुढच्या आवृत्तीतून जातं. बाहेरून हे कठोर वाटतं. पण ‘सगळं तयार झालं की काढू’ असं म्हटलं असतं, तर २३०० पॅकेजं एकाच दिवशी तयार कधी होणार होती? इथे उशिराची किंमत ठरलेली आहे, सहा महिने. ती आधीच ठाऊक असल्यामुळे शेवटच्या रात्री घाईघाईने काहीतरी कोंबायचा मोह आवरतो. ‘आर’ने तारीख पुढे नेली तर बायोकंडक्टरही नेतं. एखाद्या मेंटेनरने नेतो म्हटलं, तर मात्र नाही.