मूछाळी मा

गुजरातने गिजुभाई बधेका यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’ म्हटले, म्हणजे मिशा असलेली आई. गिजुभाई मूळचे वकील. १९१३ साली मुलगा झाला आणि त्याला कसे वाढवावे या काळजीतून ते मारिया माँटेसरी यांच्या विचारांकडे वळले. १९१६ साली वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले, १९२० साली तिथे बालमंदिर काढले आणि पुढे बालशिक्षक घडवणारे अध्यापन मंदिरही.

मला नवल वाटते ते त्या नावाचे. इतक्या मोठ्या माणसाचे कौतुक करतानाही समाजाला ‘आई’खेरीज शब्द सुचला नाही. लहान मुलांना शिकवणे हे बाईचेच काम, ही समजूत इतकी मुरलेली होती. आजही जगात पूर्वप्राथमिक वर्गांवर शिकवणाऱ्या शंभर जणांमध्ये नव्वदहून अधिक स्त्रिया असतात.

गंमत अशी, की हा पेशा घडवला एका पुरुषाने आणि त्याचे पहिले विद्यार्थीही तरुण पुरुषच होते. जर्मनीतील थुरिंगियाच्या डोंगराळ भागात, ब्लांकेनबुर्ग या गावी फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३९ साली मुलांना खेळातून शिकवणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. १८४० साली त्यांनी आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले आणि तिच्यासाठी मदतीचे आवाहन केले ते जर्मन स्त्रियांना आणि मुलींना. पुरुष शिक्षकांकडून हवा तसा प्रतिसाद मिळेना. मुली मात्र शिकायला येऊ लागल्या. ईडा सीले ही त्यांतली एक, पहिल्या प्रशिक्षित बालशिक्षिकांपैकी. घराबाहेर पडून प्रतिष्ठेने कमावण्याची वाट त्या काळच्या मध्यमवर्गीय मुलीला सहसा मिळत नसे. ती इथे उघडली. म्हणून प्रशिक्षणवर्गातली स्त्रियांची गर्दी मला आधी एक मोठा विजय वाटते. सत्तेला तिची धास्तीही वाटली. १८५१ साली प्रशियाने किंडरगार्टनवर बंदी घातली. फ्रोबेल यांचे पुतणे कार्ल यांनी मुलींच्या उच्च शिक्षणाविषयी पत्रिका काढली होती, आणि सरकारने काका-पुतण्यांची गल्लत केली! बंदी उठली १८६० साली, फ्रोबेल गेल्यानंतर आठ वर्षांनी.

त्या विजयाला पुढे एक गाठ बसली. काम मायेचे ठरले की मोबदलाही मायेवरच भागवला जातो. मोबदला कमी, म्हणून पुरुष फिरकत नाहीत. पुरुष नाहीत, म्हणून ते ‘बायकांचे काम’ आणि मोबदला आणखी आखडता. हे चक्र निसर्गाने घालून दिलेले नाही. नॉर्वेने ते थोडेसे तरी हलवले. तिथे १९९८ साली नियमच झाला, की मुलांच्या शिक्षण-संगोपनाच्या कामात पात्रता सारखी असेल तर पुरुष उमेदवाराला झुकते माप देता येईल. आज तिथल्या बालवाड्यांत दहातला साधारण एक कर्मचारी पुरुष आहे. आकडा लहान दिसतो, पण जगाच्या तुलनेत फार वरचा.

आपल्याकडची गोष्ट गिजुभाईंपाशी थांबली नाही. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला त्यांच्यासोबत काम करायला आल्या. एक पुरुष आणि एक स्त्री, दोघेही बालशिक्षणाचे आचार्य, एकाच अंगणात काम करताहेत: भारतीय बालशिक्षणाचा पाया असा जोडीने घातला गेला आहे. पुढे १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, नंतर कोसबाडला. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. गावातल्याच बाईला गावातच काम मिळावे आणि आयांचा विश्वास बसावा, हा त्यामागचा हेतू रास्त होता. पण अंगणवाडी सेविकेचे पद नियमानेच स्त्रीसाठी ठेवले गेले आणि तिला मिळणाऱ्या पैशाला ‘वेतन’ न म्हणता ‘मानधन’ म्हटले गेले. पोषण आहार, लसीकरणाची जुळवाजुळव, नोंदवह्या आणि शिकवणे, एवढे सगळे त्या मानधनात. सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते एप्रिल २०२२ मध्ये, योजना सुरू होऊन सेहेचाळीस वर्षे उलटल्यावर.

सेविकांच्या प्रशिक्षणवर्गाच्या पटावर त्यामुळे पुरुषाचे नाव येतच नाही. पाड्यावरच्या बारावी झालेल्या, लहानग्यांत रमणाऱ्या मुलाला उद्या या कामासाठी अर्ज करावासा वाटला, तर जाहिरातीतल्या पात्रतेची पहिलीच अट ‘महिला उमेदवार’ अशी असते.