हात लागला म्हणून आई पिल्लू टाकत नाही

उन्हाळा लागला की जालन्यात एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘शिवू नको त्याला. माणसानं शिवलेलं पिल्लू चिमण्या घेत नाहीत, टोचून मारतात.’ मोंढ्यात दुकानांच्या शटरवरच्या खोबणीत, पत्र्याच्या घरांच्या वळचणीला, जुन्या वाड्यांच्या भिंतींत चिमण्यांची घरटी असतात. एखादं पिल्लू खाली पडतं, माणसं गोळा होतात आणि कुणीतरी हे वाक्य बोलतंच. पुढे दोनपैकी एक घडतं. पिल्लू तिथेच पडून राहतं आणि मुंग्या, मांजर किंवा ऊन त्याचा जीव घेतं. नाहीतर कुणीतरी कळवळून ते घरी नेतं, कापसात ठेवतं, ड्रॉपरनं दूध पाजतं आणि दोन दिवसांत ते मरतं. मेल्यावर पुन्हा तेच ऐकायचं: हात लागला होता ना! आईबाप जवळच्याच तारेवर चोचीत अळी धरून बसलेले असतात, त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. या समजुतीची मला चीड येते ती एवढ्याचसाठी.

ही समजूत खरी असती, तर पक्ष्यांचा निम्मा अभ्यास झालाच नसता. डेन्मार्कमधले शिक्षक मॉर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये पक्ष्यांच्या पायात क्रमांक कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची कडी अडकवायला सुरुवात केली. तेव्हापासून जगभरात असंख्य पिल्लांना घरट्यातच अशी कडी चढवली गेली आहेत. पिल्लू हातात घ्यायचं, मोजायचं, वजन करायचं, कडं अडकवायचं आणि परत ठेवायचं. त्यातले कित्येक पक्षी वर्षांनंतर पूर्ण वाढलेले सापडतात. आईबापांनी टाकून दिलं असतं तर ते सापडले असते का? हा पुरावा दूरचा वाटत असेल, तर आपल्या मोंढ्यातल्याच जातीच्या चिमणीचा घ्या. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या लंडी बेटावर घरचिमण्यांचा अभ्यास दोन दशकांहून जास्त काळ चालू आहे. तिथे पिल्लांना घरट्यातून काढतात, रंगीत कडी चढवतात, रक्ताचा थेंबभर नमुना घेतात आणि पुन्हा आत ठेवतात. आईबाप परत येतात आणि भरवू लागतात. म्हणूनच तर तिथे एकेका चिमणीची वंशावळ मांडता आली आहे.

या समजुतीला उत्तर म्हणून काहीजण सांगतात की पक्ष्यांना वास येतच नाही. तेही खरं नाही. किवी वासावर अन्न शोधतो, समुद्रावर फिरणारे कित्येक पक्षी वासाचा माग काढतात, आणि झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्याची पिल्लं आपलं घरटं वासानं ओळखतात असं प्रयोगांत दिसलं आहे. पण वास येणं वेगळं आणि माणसाच्या वासानं पोटचं पिल्लू टाकणं वेगळं. चिमणी, साळुंकी, बुलबुल यांना भरवायला लावतं ते पिल्लाचं उघडलेलं तोंड, त्याची भुकेली चिवचिव आणि घरट्याची जागा. याचा दाखला आपल्या अंगणातच आहे. कावळीण कोकिळेचं पिल्लू वाढवते. रूप वेगळं, कूळ वेगळं, तरी तोंड उघडलं की ती घास घालते. परक्या जातीचं पिल्लू चालतं आणि स्वतःचं मात्र बोटाच्या स्पर्शानं चालत नाही, हे कसं पटावं?

मग लोकांनी पाहिलेलं सगळं खोटं का? नाही, निरीक्षण बरेचदा खरं असतं, कारण चुकीचं असतं. पकडलेल्या चिमणीच्या पायाला पोरं दोरा बांधतात, पंखांना रंग लावतात. दमलेला, जखमी किंवा विचित्र हालचाल करणारा पक्षी दिसला की इतर पक्षी कधीकधी त्याच्यावर तुटून पडतात. दोष स्पर्शावर जातो, दोरा कुणाला आठवत नाही. दुसरं म्हणजे पिल्लाभोवती आठ-दहा माणसं उभी असताना आईबाप खाली उतरत नाहीत. ‘बघा, घेत नाहीये’ म्हणणाऱ्यांनी आधी तिथून हलावं. आणि हेही सांगितलं पाहिजे: अंडी घालण्याच्या किंवा उबवण्याच्या काळात कुणी वारंवार डोकावलं, तर काही पक्षी घरटं सोडतात. तिथे कारण भीतीचं असतं. म्हणून विनाकारण घरट्यात हात घालू नये, पण पडलेलं पिल्लू उचलायला घाबरू नये.

पिल्लू कोणत्या वयाचं आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. अंगावर पिसं नाहीत, डोळे मिटलेले किंवा अर्धवट उघडलेले, तर त्याची जागा घरट्यातच. घरटं दिसत असेल तर सरळ आत ठेवा. वळवाच्या वादळात ते मोडलं असेल, तर लहान टोपली किंवा तळाला भोकं पाडलेला डबा घ्या, त्यात कोरडं गवत घाला आणि त्याच झाडाला किंवा भिंतीला सावलीत, मांजर पोहोचणार नाही असा बांधा. मग लांब जाऊन तास-दोन तास लक्ष ठेवा. बहुतेक वेळा आईबाप आवाजाच्या दिशेनं येतातच. याउलट अंगभर पिसं आहेत, शेपटी आखूड आहे, ते टुणटुण उड्या मारतंय पण उंच उडत नाही, तर ते पडलेलं नाही. चिमणीची पिल्लं साधारण पंधरा दिवसांची झाली की घरट्याबाहेर येतात आणि उडणं जमेपर्यंत आईबाप त्यांना बाहेरच भरवतात. रस्त्यात असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा, कुत्र्या-मांजरांना आवरा आणि निघा. चांगल्या मनानं घरी नेलेल्या पिल्लांत अशी कितीतरी असतात, ज्यांना मुळात वाचवायचीच गरज नव्हती.

खऱ्या रुग्णाची लक्षणं निराळी: पंख लोंबणं, रक्त, मान वाकडी होणं, आईबाप मेलेले असणं. मांजरीनं तोंडात धरलेला पक्षी तर जखम दिसली नाही तरी रुग्णच. तिच्या लाळेतल्या जिवाणूंमुळे एक-दोन दिवसांत रक्तात विषबाधा होते, म्हणून त्याच दिवशी प्रतिजैविक मिळायला हवं.

इथे दुसरा हट्टी गैरसमज येतो: आधी पाणी पाजा. मे महिन्यात चाळिशीपार उन्हात धापा टाकत पडलेली साळुंकी दिसली की माणूस तिची चोच उघडून बाटलीच्या बुचानं पाणी ओततो. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, त्यामुळे ओतलेलं पाणी थेट फुप्फुसाकडे जातं. तहानेनं जो मेला नसता, तो बुडून मरतो. त्याला सावलीत, भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांत ठेवा. शुद्धीवर असेल तर उथळ झाकणात पाणी समोर ठेवा, तो हवं तेव्हा पिईल.

दूध कुठल्याच पक्ष्याला पचत नाही. दाणे टिपणाऱ्या चिमणीचं पिल्लूही पहिले दिवस अळ्या-किड्यांवर वाढतं, भाताच्या शितांवर नाही. घारीला भाकरी आणि बगळ्याला ज्वारी घालून उपयोग नाही. घुबडाला दिवसा दिसत नाही हा समजही चूक. दिवसा गप्प बसलेलं घुबड बहुधा झोपलेलं असतं. कावळा वाचवून काय करायचं, असं विचारणाऱ्यांसाठी: वन्यजीव कायद्याच्या ज्या यादीत त्याला उपद्रवी ठरवलं होतं, ती यादीच २०२२ च्या कायदादुरुस्तीनं गेली. आणि जनावरांचा डॉक्टर फक्त गाई-म्हशींचा नसतो. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात पक्षी नेता येतो.

नेईपर्यंत घरी घट्ट पट्टी बांधू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड खालीवर होऊनच तो श्वास घेतो. छाती आवळली की तो गुदमरतो. मात्र उशीरही करू नका, कारण पक्ष्यांची हाडं फार लवकर, साधारण तीन आठवड्यांत जुळतात. वाकडं जुळलेलं हाड मग सरळ करणं जवळजवळ अशक्य असतं.

संक्रांतीच्या दिवसांत मांजात अडकलेल्या पक्ष्याचं तर घाईनंच वाटोळं होतं. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर लटकलेला दिसतोच. लोक दोरा ओढून काढतात आणि पक्षी हवेत उडवून देतात; थोडं अंतर गेला की टाळ्या. दोरा ओढायचा नसतो, दोन्हीकडून कापायचा असतो. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला ताणलेली कातडी असते. तिच्यामुळेच पंखाला उडण्याचा आकार येतो आणि मांजा नेमका तिलाच चिरतो. पन्नास फूट उडालेली घार संध्याकाळी कुठल्यातरी शेतात उपाशी पडलेली असू शकते. जखम भरणं ही पहिली पायरी झाली. त्यानंतर मोठ्या पिंजऱ्यात सराव, पिसं शाबूत असल्याची खात्री, वळणं घेता येणं, भक्ष्य स्वतः मिळवता येणं, आणि माणसाला पाहून दूर पळणं. नागपूरला सेमिनरी हिल्सवर आणि पुण्याला बावधनला उपचार केंद्रं याच कामासाठी आहेत. जालन्याहून दोन्ही लांब पडतात, म्हणून इथे पहिल्या काही तासांतली काळजी जास्त मोलाची.

माणसाला पाहून पळणं हे शेवटचं लक्षण लोकांना सर्वांत खटकतं. हातावर येऊन बसणारा पोपट त्यांना प्रेमाचा वाटतो. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कॉनराड लॉरेंझ यांनी हंसजातीच्या पिल्लांवर दाखवून दिलं होतं की कोवळ्या वयात जो समोर दिसतो, त्यालाच ती आपला मानतात. माणसाशी असं जुळलेलं पिल्लू रानात सोडलं, तर ते पुढच्या माणसाच्या खांद्यावर जाऊन बसतं किंवा कुत्र्याला घाबरत नाही. म्हणून पिल्लू वाढवावंच लागलं तर त्याच्याशी बोलू नये, नाव ठेवू नये, शक्य तर त्याच जातीच्या दुसऱ्या पिल्लांबरोबर ठेवावं.

‘आम्हीच वाचवला, आम्हीच ठेवतो’ हेही चालत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३९ नुसार ताब्यात आलेल्या वन्यजीवाची खबर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला द्यावी लागते. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. फोनवर पक्ष्याबरोबर जागाही नेमकी सांगा: गाव, गट, कुठल्या विहिरीजवळ, कुठल्या झाडाखाली. जालना जिल्ह्यात जंगल जेमतेम आहे, त्यामुळे इथले बरेच पक्षी बांधावरच्या बाभळी, मोसंबीच्या बागा, विहिरींवर लोंबणारी सुगरणींची घरटी, घाणेवाडी जलाशय आणि मोती तलाव यांच्याच आधारानं जगतात. पक्षी बरा झाला की जिथे सापडला तिथेच सोडायचा असतो. त्याची जोडी, त्याचं पाणी, त्याच्या ओळखीची झाडं तिथेच असतात, आणि ही जागा पहिल्या दिवशी लिहून ठेवली नाही तर नंतर कुणालाच सांगता येत नाही.