जेद्दाहच्या दोन रात्री : मुक्काम कुठे करावा?

उमऱ्याचे पॅकेज घेताना मक्का-मदिनेच्या हॉटेलांबद्दल आपण दहा प्रश्न विचारतो. हरम किती लांब, लिफ्ट आहे का, जेवण आपल्याकडचे मिळेल का. शेवटच्या ओळीत 'जेद्दाह २ रात्री, समुद्राजवळ' असे छापलेले असते. तिकडे कोणी फारसे बघत नाही. आम्हीही बघितले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत अम्मी (माझ्या सासूबाई), आम्ही दोघे आणि दोन मुले देवपूरहून निघालो. उमरा अल्हमदुलिल्लाह नीट पार पडला. मुलांनी मात्र पांझरेपेक्षा मोठे पाणी फारसे पाहिलेले नव्हते. त्यांचे डोळे जेद्दाहकडे लागले होते. हॉटेलात पोहोचून पडदा सरकवला, तर खाली मोठा हमरस्ता आणि पलीकडे गाड्यांचे शोरूम. समुद्र 'जवळ' होता, म्हणजे टॅक्सीने २५ मिनिटांवर. अम्मींचे गुडघे दुखत असल्याने बस, पायी चालणे बाद. दोन दिवसांत टॅक्सीवर जे गेले, त्यात समुद्रासमोरची खोली सहज मिळाली असती.

पहिला प्रश्न मुक्काम आधी करायचा की नंतर, हा आहे. हिंदुस्थानातून उमऱ्याच्या नियतीने जाणाऱ्याचे विमान जेद्दाहला उतरण्यापूर्वीच मीकात ओलांडते. त्यामुळे इहराम विमानातच असावा लागतो. 'आधी दोन दिवस समुद्र बघू, मग इहराम बांधू' असे काही जण ठरवतात आणि पुढे दम द्यायची वेळ येते. या बाबतीत आपल्या मौलानांना विचारूनच निघावे. कुटुंबासाठी सोपा मार्ग म्हणजे जेद्दाह शेवटी ठेवणे. उमरा व्हिसावर आता सौदीतील इतर शहरांतही जाता येते, आणि मक्केहून हरमैन रेल्वेने जेद्दाह तासाभराच्या आतच आहे. शहरात मेट्रो नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. त्यामुळे हॉटेल कुठे आहे यावर सगळा खर्च ठरतो.

जुने जेद्दाह म्हणजे अल-बलद. हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीत हे मक्केचे बंदर ठरले, आणि १९९५ पर्यंत मुंबईहून जहाजाने जाणारे हाजी याच शहरात पाय ठेवत. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी तिथे उतरले असेल. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांची उंच घरे, लाकडी जाळीच्या खिडक्या, खाली अत्तर-खजुराची दुकाने. २०१४ साली युनेस्कोने या भागाला जागतिक वारशात घेतले. नसीफ वाड्यासमोर एक कडुनिंब आहे. या वाळवंटी गावात नदी नाही, गोडे पाणी दुर्मिळ. त्यामुळे एके काळी सगळ्या शहरात तेवढेच झाड होते, आणि वाड्याला लोक 'झाडवाले घर' म्हणत. १९२५ मध्ये शाह अब्दुल अजीज यांनी जेद्दाहमध्ये आल्यावर याच घरात मुक्काम केला. अम्मी त्या लिंबाखाली बराच वेळ बसल्या. बलदमध्ये खोल्या तुलनेने स्वस्त मिळतात, पण गल्ल्या अरुंद, रात्री उशिरापर्यंत बाजार, दुरुस्तीची कामे चालू. खरेदी करायची असेल आणि सोबत चालणारी माणसे असतील तर बलद. आमच्यासारख्यांनी तिथे संध्याकाळ घालवून परत यावे.

समुद्रकाठचा लांबच लांब रस्ता म्हणजे कॉर्निश. पाण्यावर खांबांवर उभी असलेली रहमा मशीद त्याच्या उत्तर भागात आहे. मगरिबची नमाज तिथे पढून बाहेर यावे आणि मुलांना फिरू द्यावे. गुहागर-अलिबागसारखी वाळू मात्र मनात धरू नये. बहुतेक ठिकाणी कठडा आणि दगड आहेत, पोहण्याजोगे पट्टे थोडे. बलद आणि उत्तर कॉर्निश यांच्या मधला अल-हमरा भाग मला सर्वांत सोयीचा वाटला. शाह फहद यांच्या नावाचे, सुमारे २६० मीटर उंच उडणारे खाऱ्या पाण्याचे कारंजे तिथून दिसते आणि दोन्हीकडे टॅक्सी कमी लागते.

उत्तरेच्या टोकाला अबहुर खाडीवर रिसॉर्ट आहेत. पाणी निळेशार, दरही तसेच. काही ठिकाणी स्त्री-पुरुष एकत्र पोहतात, पोशाखाचे बंधन नाही. आपल्या मुलींना घेऊन जाणार असाल तर बायकांसाठी वेगळी वेळ किंवा वेगळी जागा आहे का, हे खोली घेण्याआधी विचारा. यात संकोच कसला?

हॉटेलऐवजी 'शुकक मफरूशा' अशी पाटी शोधा. म्हणजे सामानासह भाड्याची सदनिका. दोन खोल्या, छोटे स्वयंपाकघर. पाच माणसांना हॉटेलात दोन खोल्या घ्याव्या लागतात, इथे एकात भागते. शिवाय दहा दिवस हॉटेलचे खाल्ल्यावर अम्मींना खिचडी हवी असते.

तारखेचेही बघावे. गुरुवारची रात्र आणि शुक्रवार तिथे सुट्टीचा, गर्दी आणि दर दोन्ही चढे. आपल्या मे महिन्यात तिथे उकाडा असह्य, आणि हजच्या आधी काही आठवडे उमरा व्हिसा बंद असतो. शाळेत मुले असलेल्या घरांना दिवाळीची सुट्टीच बरी.

या वर्षी माझी नणंद जाते आहे. टूरवाल्याला मी फोनवर विचारले, "हॉटेलच्या दारातून समुद्र किती मीटर, आणि मधे हमरस्ता आहे का?" तो म्हणाला, "बाजी, विचारून सांगतो." आठवडा झाला, अजून त्याचा फोन नाही.