सोन्याचा सोबती, सोमलाचं घर

हातोडीचा घाव बसताच ठिणगी उडावी आणि पाठोपाठ लसणाची फोडणी दिल्यासारखा वास यावा, तर दगड बहुधा आर्सेनोपायराइटचा समजावा. लोखंड, गंधक आणि आर्सेनिक यांचं हे खनिज. वजनात आर्सेनिकचाच वाटा जवळजवळ ४६ टक्के. वासही त्याचाच, म्हणून ओळख पटली की नाक लगेच बाजूला घ्यावं.

ताजा तुकडा रुपेरी चमकतो, उघड्यावर राहिला की काळवंडतो. पाण्याच्या सहापट जड. देखणे स्फटिक हवेत? पोर्तुगालमधल्या पानाश्केइरा या टंगस्टनच्या खाणीतले संग्राहक हौसेने जपतात.

दिसत नाही, पण आहे

पिवळ्याधमक पायराइटला सोनं समजून कित्येक जण फसले. आर्सेनोपायराइटची गंमत उलटी आहे: रंग सोन्याचा नाही, पण पोटात पुष्कळदा खरं सोनं! तेही इतकं विखुरलेलं, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही सापडत नाही. सोन्याचा शोध घेणारे भूवैज्ञानिक म्हणूनच आधी माती-दगडांत आर्सेनिक किती आहे ते तपासतात. कर्नाटकात रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या खाणीत सोन्याच्या खनिजाबरोबर आर्सेनोपायराइट सापडतं.

सोनं बाहेर काढणं मात्र जिकिरीचं. सायनाइडच्या द्रावणात सोनं विरघळतं, पण स्फटिकात कोंडलेल्या सोन्यापर्यंत ते पोचतच नाही. मग खनिज भट्टीत भाजायचं, नाहीतर जिवाणूंना कामाला लावायचं. काही जिवाणू लोखंड आणि गंधकाच्या ऑक्सिडीकरणावर जगतात. त्यांच्या जेवणात स्फटिक फुटतो आणि सोनं मोकळं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून हे काम टाक्यांमध्ये चालू झालं. मला या खनिजाच्या साऱ्या गोष्टींत हीच सर्वांत सुंदर वाटते.

नाकात कापूस, तोंडाला चिखल

भट्टीचा मार्ग जुना आणि जीवघेणा. भाजताना आर्सेनिक ऑक्सिजनशी संयोग पावून धुरात जातं आणि थंड झालं की पांढरी पूड बनून बसतं. रहस्यकथांमधला सोमल तो हाच. इंग्लंडमध्ये डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स ही मुळात तांब्याची खाण. तांबं आटू लागल्यावर आधी टाकाऊ ठरलेलं आर्सेनोपायराइट कमाईचं साधन झालं आणि १८७०च्या दशकात ती जगातल्या मोठ्या आर्सेनिक उत्पादकांपैकी एक बनली. धुराच्या लांबलचक बोळांच्या भिंतींवर साचलेली पूड कामगार हातांनी खरवडून काढत. संरक्षण काय, तर नाकपुड्यांत कापसाचे बोळे आणि उघड्या कातडीवर मातीचा लेप. रंग, काच, कीटकनाशकं असा त्या पुडीचा प्रवास पुढे चालू राही.

गोठवलेलं विष

कॅनडाच्या उत्तरेला यलोनाइफ शहराजवळ जायंट माइन आहे. सोनं १९४८ पासून निघू लागलं, आर्सेनोपायराइट भाजून. सुरुवातीला धूर सरळ आकाशात सोडला जाई आणि पूड बर्फावर पडे. आसपासचे डेने लोक तेच बर्फ वितळवून पीत. १९५१ मध्ये त्यांचं एक दोन वर्षांचं मूल विषबाधेने गेलं. आई-वडिलांच्या हाती नुकसानभरपाई म्हणून ७५० डॉलर ठेवले गेले. हा आकडा वाचून आजही संताप येतो.

नंतर धुरातली पूड पकडून जमिनीखालच्या पोकळ्यांत भरली जाऊ लागली. तिथली जमीन बारमाही गोठलेली, ती विष धरून ठेवील असा हिशेब होता. पण खोदकामानेच ती वितळू लागली. २००४ साली काम थांबलं तेव्हा खाली २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड साठलेलं होतं. आर्सेनिक हे मूलद्रव्य, त्यामुळे जाळून, कुजवून किंवा वाट पाहून ते संपत नाही. आता पोकळ्यांभोवतीची जमीन पुन्हा गोठवायची योजना आहे. कार्बन डायऑक्साइड भरलेल्या नळ्या हिवाळ्यात जमिनीतली उष्णता वर आणून हवेत सोडतात, त्यासाठी वीज लागत नाही. या उपायाला मुदत आहे १०० वर्षांची. तेवढ्यात कायमचा तोडगा निघावा म्हणून एक स्वतंत्र देखरेख मंडळ संशोधनाला पैसा पुरवतं.