मंडळात पडला, शिवारात नाही

औसा तालुक्यात माझं बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान आहे. पाऊसकाळ कसा झाला, हे मी उधारीच्या वहीवरून सांगतो.

२०२३ ची वही काढली आहे. मान्सून केरळातच ८ जूनला पोचला, आमच्याकडचा मृग कोरडा गेला. पेरण्या जुलैत झाल्या. एकरी सोयाबीनची तीस किलोची बॅग, खत, तणनाशक, सगळं दिवाळीच्या बोलीवर. पीक फुलात आलं आणि पावसानं दडी मारली. १९०१ पासूनच्या नोंदींत देशानं इतका कोरडा ऑगस्ट पाहिला नव्हता. मुरमाड रानात दुपारी पिकं माना टाकायची, मग फुलं गळाली. काळ्या रानानं थोडे दिवस जास्त तग धरला, एवढंच. पुढं पाऊस आला तेव्हा शेंगा चपट्याच राहिल्या होत्या.

हंगामाअखेर देशाचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के भरला. ऐकायला आकडा बरा वाटतो. पण शेंगेत दाणा भरताना मुळाशी ओल लागते. ती वेळ टळली की नंतरचा पाऊस हिशेबात येतो, पदरात येत नाही.

दिवाळीत एक काका आले. "शेठ, औंदा निम्मेच घ्या. बाकी पुढल्या साली." मी घेतले, आणि वरच्या व्यापाऱ्याचे पैसे थकवले. लातूरच्या बाजारात माल कमी आला की हमालाची मजुरी बुडते, टेम्पो उभा राहतो, तेलगिरणीची पाळी कमी होते, लग्न पुढच्या उन्हाळ्यावर जातं. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी असेल, पण निम्म्याच्या आसपास कामकरी माणसं तिच्यावरच जगतात.

पावसात २१ दिवसांहून मोठा खंड पडला, तर पीक विम्यातून काही रक्कम आगाऊ मिळण्याची तरतूद त्या साली होती. खंड मोजायचा मात्र महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर, आणि एका मंडळात कितीतरी गावं. आमच्याकडं रस्त्याच्या अलीकडं सर येते, पलीकडं धूळ उडते. यंत्राजवळ पडलेल्या एका सरीनं लांबच्या शिवाराचा खंड कागदावर मोडतो.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे: प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक बसवा, रोजची नोंद चावडीवर लावा आणि नुकसान त्या नोंदीवर ठरवा.