वन-डेचे नियम, भाग ४ : चौतिसाव्या षटकानंतरचा चेंडू

गेल्या आठवड्यात पॉवरप्लेच्या सतत बदलणाऱ्या हद्दी पाहिल्या. आज चेंडू. क्षेत्ररक्षक कुठे उभे करायचे यावर आयसीसीने जेवढा खल केला, त्याच्या निम्मा जरी चेंडूच्या वयावर केला असता, तर शेवटच्या दहा षटकांत गोलंदाजांची एवढी ससेहोलपट झाली नसती.

पांढऱ्या चेंडूचं मूळ दुखणं रंगाचं. तिसाव्या-पस्तिसाव्या षटकापर्यंत तो मळतो आणि दिव्यांच्या उजेडात धड दिसत नाही. म्हणून २००७ मध्ये, ३४ षटकं झाली की वापरलेला पण स्वच्छ चेंडू घ्यायची सक्ती झाली. ऑक्टोबर २०११ पासून तर दोन्ही टोकांना एकेक नवा चेंडू आला. दिसण्याचा प्रश्न मिटला, पण डाव संपताना कुठलाच चेंडू २५ षटकांपेक्षा जुना नसे. टणक चेंडू छान बॅटवर येणार, रिव्हर्स स्विंग जवळजवळ हद्दपार, आणि मधल्या षटकांत वर्तुळाबाहेर जेमतेम चार क्षेत्ररक्षक. जून २०१८ मध्ये इंग्लंडने ट्रेंट ब्रिजवर ऑस्ट्रेलियाची ४८१ धावांची धुलाई केली, त्यानंतर सचिन तेंडुलकरने या दोन चेंडूंवर जाहीरपणे बोट ठेवलं. तक्रार करणारा फलंदाज होता, हे विशेष! २०१० मध्ये ग्वाल्हेरला पुरुषांच्या वन-डेतलं पहिलं द्विशतक त्याने ठोकलं, तेव्हा दोन नव्या चेंडूंची ही चैन नव्हती.

जुलै २०२५ पासून नियम असा : पहिली ३४ षटकं दोन चेंडू, मग त्यातला एक निवडायचा आणि उरलेली १६ षटकं दोन्ही टोकांकडून तोच वापरायचा. निवडीच्या वेळी दोन्ही चेंडू १७ षटकं जुने. म्हणजे पन्नासाव्या षटकाअखेर हातातला चेंडू ३३ षटकांचा. निवड गोलंदाजी करणाऱ्या संघाची. वेगवान गोलंदाजाला एका अंगाने खरबरीत आणि दुसऱ्या अंगाने तुकतुकीत चेंडू हवा. फिरकीपटूला अजून उसळी देणारा, शिवण न दबलेला. कर्णधाराने कुणाचं ऐकायचं? शेवटची षटकं कोण टाकणार, हे त्याला तिथेच ठरवावं लागतं. मला हा नियम आवडतो तो यासाठी.

मात्र सगळं खापर दोन चेंडूंवर फोडायला नको. १९९२ च्या विश्वचषकातही दोन्ही टोकांना वेगळे पांढरे चेंडू होते. तरी मेलबर्नच्या अंतिम सामन्यात पस्तिसाव्या षटकात वसीम अक्रमने लॅम्ब आणि लुईस यांचे लागोपाठच्या चेंडूंवर त्रिफळे उडवले. चेंडू होता सतरा-अठरा षटकांचा! तेव्हा लकाकी राखायला थुंकी लावता येत होती. २०२० पासून तिला बंदी आहे, उरला तो घाम.

खरी मेख दवाची. रिव्हर्सला कोरडा चेंडू लागतो. आपल्याकडच्या दिवस-रात्र सामन्यात दुपारी गोलंदाजी करणाऱ्याला जुना चेंडू पावतो. रात्री तोच साबणासारखा निसटतो. म्हणजे गोलंदाजांसाठी केलेल्या या नियमाचा लाभ दोघांपैकी एकाच संघाला, आणि तो कुणाला हे बऱ्याचदा नाणेफेक ठरवणार. त्यावर सामन्याची वेळ बदलण्यापासून दोन्ही डावांची षटकं विभागण्यापर्यंत उपाय सुचवले गेले आहेत. त्यातले कुठले टिकतील, ते पुढच्या भागात.