क्लिप अडकते, दोरा कापता येतो

सिलिंडरमधली हवा दाखवणारे गेज पाणबुड्याच्या कमरेला, डाव्या बाजूच्या ‘डी’ आकाराच्या कडीत अडकवलेले असते. अडकवणारी वस्तू म्हणजे बोल्ट स्नॅप: पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची छोटी क्लिप, अंगठ्याने खिट्टी ओढली की उघडणारी. पण ही क्लिप गेजच्या नळीला जोडलेली असते ती जेमतेम 2 मिलिमीटर जाडीच्या नायलॉनच्या दोऱ्याने. नवशिक्याला हे जुगाड वाटते. एवढे महागडे सामान आणि त्याला दोरा?

धातूला धातू जोडला की काम पक्के, हा सगळ्यांत चिवट गैरसमज. खिट्टीत वाळू शिरली किंवा मिठाने स्प्रिंग आखडली, तर पाण्याखाली क्लिप सोडवणार कशी? पोलाद कापायचे हत्यार कोणी खिशात घेऊन उतरत नाही. दोरा चाकूने क्षणात कापता येतो. फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या गुहांत डोक्यावर दगडाचे छत असते, सरळ वर येण्याची सोयच नसते. तिथल्या पाणबुड्यांनी धातूला धातू न जोडण्याचा नियम कसोशीने पाळला. त्यांच्यातल्या बिल हॉगार्थ मेन यांच्या मधल्या नावावरून ‘हॉगार्थियन’ म्हटली जाणारी सामानाची सुटसुटीत मांडणी आता खुल्या समुद्रातही दिसते.

गिर्यारोहकांचे कॅराबिनरही चालेल, असे काहींना वाटते. त्याचे फाटक आत ढकलले की उघडते. म्हणजे भरकटलेली दोरी आपोआप आत शिरून अडकू शकते. पाणबुडे अशा क्लिपला ‘सुइसाइड क्लिप’ म्हणतात. नाव भडक आहे, पण उगाच नाही.

दोरा जाड हवा, हेही खरे नाही. विणीचा बारीक नायलॉन दोरा गेजच्या वजनाच्या कितीतरी पट ताण सोसतो. जाड दोऱ्याचे फार वेढे क्लिपच्या डोळ्यात मावत नाहीत, आणि बांधणीची मजबुती वेढ्यांतच असते. डोळ्यातून आणि नळीभोवती तीन-चार घट्ट वेढे घ्यायचे. मग क्लिप आणि नळी यांच्या मधोमध त्या वेढ्यांवर आडवे वेढे आवळायचे. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि क्लिप डुगडुगते म्हणून दोऱ्याला दोष देतात.

शेवटी रीफ नॉट: आधी डावे टोक उजव्यावरून, मग उजवे डाव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूने नेले तर दिसायला तशीच, पण सरकणारी गाठ पडते. पहिल्या अर्ध्या गाठीत एक जास्तीचा पीळ दिला, तर दुसरी मारेपर्यंत ताण टिकतो.

टोके लायटरने वितळवली की गाठ पक्की झाली, असेही समजले जाते. वितळवल्याने टोक पिसारत नाही आणि त्याचा चपटा गोळा गाठीतून मागे सरकत नाही, इतकेच. सैल गाठ सैलच राहते. वितळलेले नायलॉन बोटाला चिकटले तर वाईट भाजते आणि ज्योत नळीला लागली तर नुकसान गाठीपेक्षा मोठे.

प्लास्टिकची झिप टाय झटपट बसते खरी. पण ती जुनी झाली की अचानक तुटते आणि तिचे कापलेले टोक हातमोज्याला, सूटला ओरखडते.

दोराही अमर नाही. उन्हाने तो कडक होतो, धातूच्या कडेवर घासून झिजतो. झीज शोधायची ती क्लिपच्या डोळ्याच्या आतल्या कडेला: तंतू आधी तिथेच पिसारतात, आणि वरून गाठ मात्र नव्यासारखी दिसत असते.